एका वेळी एकच दगड

सरांवर काहीतरी लिहा, असं मला आजवर तीन वेळा सांगण्यात आलं. पहिल्यांदा कॉलेजच्या स्मरणिकेसाठी, दुसऱ्यांदा त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा, आणि तिसऱ्यांदा ते गेल्यावर. पहिल्या वेळी मी परीक्षेच्या कामाचं कारण दिलं, दुसऱ्या वेळी डोळ्यांचं. तिसऱ्या वेळी कारणसुद्धा दिलं नाही. मोबाईलवर लेख मागणाऱ्या माणसाचं नाव दिसलं की फोन वाजून वाजून थांबेपर्यंत बघत बसायचो. लोकांना वाटलं, मला फार लागलंय. लागलं होतंच, पण त्यांना वाटलं त्या कारणानं नाही. आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, अक्षर स्वच्छ दिसतं. कारणं संपली.

सर भोर तालुक्यातल्या एका लहान कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. विभागात आम्ही दोघंच, ते प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा तात्पुरत्या नेमणुकीवरचा अधिव्याख्याता. मी त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, पण त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नाही. शिपायालाही ते अहो म्हणत. "ओळख पुरती पटल्याशिवाय एकेरीवर यायचं नसतं," असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांना ओळख पुरती पटलेली मी कधी पाहिली नाही. माणसाची नाही, झाडाचीही नाही.

त्यांचा विषय म्हणजे दगडात राहिलेल्या वनस्पती. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पान, लाकूड, बी दगड होऊन मागे उरतं. ते शोधायचं, कशाशी जुळतं ते पाहायचं, कुठल्या कुळात बसतं ते ठरवायचं आणि कुठंच बसत नसेल तर त्याला नवं नाव द्यायचं. आमच्या भागात हा विषय घेणं म्हणजे वाळवंटात होडी बांधण्यासारखं. इथं सगळा काळा पाषाण, लाव्हाचा. लाव्हात काय पान टिकणार? पण दोन लाव्हांच्या मधे बराच काळ गेला असेल, त्या काळात माती साठली असेल, तळी झाली असतील, झाडं उगवली असतील, असं सर म्हणायचे. तसे मधले थर विदर्भाच्या पलीकडे, छिंदवाड्याच्या बाजूला भरपूर आहेत आणि ते जगाला ठाऊक आहेत. आपल्या सह्याद्रीत ते का नसावेत, एवढाच सरांचा प्रश्न. त्यासाठी दर रविवारी ते नसरापूरहून वेल्ह्याची एसटी पकडायचे, पाठीवर पिशवी, हातात हातोडी. कंडक्टर त्यांना "पाथरवट आले, बसा" म्हणायचे. सरांनी कधी दुरुस्ती केली नाही.

या शास्त्रात एक विचित्र नियम आहे, आणि सर त्या नियमासारखेच झाले होते. दगडात झाड अख्खं सापडत नाही. कुठं पान सापडतं, कुठं खोडाचा तुकडा, कुठं बी. तेव्हा पानाला एक नाव देतात, खोडाला दुसरं, बीला तिसरं. तिन्ही एकाच झाडाची असतील कदाचित, पण ती एकमेकांना जोडलेली सापडेपर्यंत तिघांची नावं वेगळीच राहतात.

वर्गात दरवर्षी एक तरी मुलगी विचारायचीच, "पण सर, झाड एकच असलं तर?"

"असेल की. तुम्ही पाहिलंत?"

"नाही, पण एकाच ठिकाणी सापडलंय ना सगळं..."

"बाई, आत्ता या बाकावर तुमचा डबा आहे, शेजारणीची छत्री आहे आणि मागच्याचा बूट दिसतोय. हे सगळं उद्या दगड झालं तर मी काय समजू? डबेवाली, छत्रीवाली, एका पायात बूट घालणारी एकच बाई?"

वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत. ते खरंच विचारात पडलेले असायचे.

हा नियम त्यांनी घरापर्यंत नेला होता. त्यांच्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईनं आकडा. तांब्या, परात, छत्री, कंदील. चपलांवरही होता, आणि डाव्या-उजव्या चपलेला वेगळे आकडे. मी एकदा म्हटलं, "सर, जोडीला एकच नंबर चालला असता." तर म्हणाले, "जोडी आहे हे आपण म्हणतो. गेल्या वर्षी देवळाबाहेरून मी कुणाची तरी डावी घालून आलो, आठ दिवस कळलं नाही."

किकवीला आमच्या हेडक्लार्कच्या घराची वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर हेडक्लार्कनी कौतुकानं आपल्या मुलाला पुढं केलं. "सर, हा धाकटा. नाक बघा, अगदी माझंच की नाही?"

सरांनी खिशातून भिंग काढलं. खरंच काढलं. मुलाच्या नाकाकडे पाहिलं, बापाच्या नाकाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नुसत्या नाकावरून काही सांगता येणार नाही. मी फार तर 'स्थान अनिश्चित' म्हणेन."

हेडक्लार्क वर्षभर सरांशी बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी मात्र पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या आणि आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

'स्थान अनिश्चित' हा त्यांच्या कपाटातला सर्वांत मोठा खण होता. ज्याचं कूळ ठरत नाही, ज्याचा ठावठिकाणा पक्का नाही, ते सगळं त्यात जायचं. मी नवीन असताना त्या खणाला हसलो होतो. सर म्हणाले, "या खणाची लाज नाही बाळगायची. घाईनं नाव दिल्याची बाळगायची."

एकदा संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं. सर काहीतरी नवं शोधतायत अशी कुणकुण लागली होती. अध्यक्षांचं म्हणणं, नवीन झाड मिळालं तर त्याला त्यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव द्यावं. लॅटिनमध्ये कसं दिसेल तेही कुणाकडून तरी लिहून आणलं होतं. सर म्हणाले, "साहेब, आधीच ते झाड मेलेलं. वर त्याच्यावर मेलेल्या माणसाचं ओझं कशाला?" अध्यक्षांचा चेहरा मी पाहिला. सरांनी पाहिला नाही. ते टेबलावरच्या पेपरवेटमधल्या रंगीत फुलाकडे बघत होते.

वेल्ह्याच्या पलीकडे, जिथं नवा रस्ता काढताना डोंगर कापला होता, त्याच्या खालच्या ओढ्यात सरांना तो थर सापडला. दोन काळ्या थरांच्या मधे हातभर जाडीचा, राखाडी, पापुद्रे सुटणारा. पापुद्रा उचकटला की आत पानं. शिरा मोजता येतील इतकी स्पष्ट. ओढ्याकाठच्या शेताची मालकीण हौसाबाई बांधावर गवत कापत होती. दोन तास ती आमच्याकडे बघत होती. शेवटी आली.

"काय घावलं, मास्तर?"

"पान, हौसाबाई. लाखो, कोटी वर्षांपूर्वीचं."

तिनं वाकून पाहिलं. "ह्ये व्हय! आमी ल्हान हुतो तवापासनं बगतोय. हितल्या दगडात पाला असतूय. पोरं फरशी म्हनून खेळायची त्येच्याशी."

"तुम्हाला ठाऊक होतं?" सरांचा आवाज चिरकला. "मग कुणाला सांगितलं का नाही?"

"कुनाला सांगायचं? त्यो काय हारवला हुता व्हय?"

सर खाली बसले आणि नोंदवहीत लिहायला लागले. ठिकाण म्हणून त्यांनी ओढ्याचं नाव लिहिलं, ओढ्यापासून वडाच्या झाडाचं अंतर पावलांत लिहिलं, आणि पुढं लिहिलं, "प्रथम पाहणारी : हौसाबाई." ती नोंद मी अजून वाचू शकतो.

पुढं वर्षभर आम्ही तिथं जात होतो. पानं ढीगभर मिळाली. पण पानांवरून नाव पक्कं करणं अवघड. सरांना हवा होता गारगोटीसारखा घट्ट झालेला तुकडा, ज्याची पातळ चकती कापली की आतल्या पेशीसुद्धा दिसतात. जानेवारीतल्या एका रविवारी तसा एक तुकडा ओढ्याच्या चिखलात मिळाला. मुठीएवढा, चिखलानं माखलेला. सरांनी नखानं एक कोपरा खरवडला, पांढरा ठिपका दिला, वाळेपर्यंत फुंकर घातली आणि आकडा लिहिला: ४४. मी तिथं उभा होतो.

आता त्यांची काम करायची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच आहे. टेबलावर एका वेळी एकच दगड. हा दगड धुतला, कापला, त्याची चकती काचेवर घासून पातळ केली, काचपट्टीवर चिकटवली, पट्टीवर आकडा लिहिला, उरलेला दगड खणात ठेवला, खण बंद केला. मगच दुसरा खण उघडायचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला हेच शिकवलं. आणि दुसऱ्या दिवशी आकडे लिहायला शिकवले: चार कसा उघडा ठेवायचा, सातला शेंडी कशी द्यायची. विभागात सगळ्यांचे आकडे एकसारखे हवेत, म्हणजे वाचताना घोटाळा नको. दोन वर्षांत माझे आकडे आणि त्यांचे आकडे मलाही वेगळे ओळखता येईनासे झाले.

फेब्रुवारीत सरांच्या बहिणीचं, आक्कांचं, खुब्याचं हाड मोडलं. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. वेल्ह्याकडच्या गावच्या घरी आक्का एकट्या राहायच्या. पुण्यात ऑपरेशन झालं. सर आठ दिवस रजेवर गेले. जाताना म्हणाले, "चव्वेचाळीस धुऊन, कापून ठेवा. मी आलो की बघू. एका वेळी—"

"एकच दगड," मी म्हटलं.

प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर होती. मुलांसाठी जुन्या शिकवण्याच्या संग्रहातूनही चकत्या कापायच्या होत्या. तो संग्रह पूर्वीच्या कुणा शिक्षकांनी छिंदवाड्याकडून आणलेला. त्यातला सतरा नंबरचा दगड कुणीतरी फार पूर्वी फोडून दोन केला होता. त्यातला अर्धा मी घेतला. तोही मुठीएवढा. वेळ वाचावा म्हणून चव्वेचाळीस आणि सतरा मी एकाच भांड्यात सौम्य ॲसिडमध्ये टाकले, आणि तास घ्यायला गेलो.

परत आलो तर दोन्ही दगड लख्ख झाले होते. भांड्याच्या तळाशी पांढऱ्या रंगाचे दोन पापुद्रे पडले होते. एकावर ४४, दुसऱ्यावर १७. आकडे शाबूत होते. फक्त दगडांवर नव्हते.

कुठला कुठला, हे मला माहीत नव्हतं. हे वाक्य मी तेव्हा स्वतःशीही म्हटलं नाही, म्हणून आज लिहितोय. सरांच्या नियमानं दोन्ही दगड 'स्थान अनिश्चित'मध्ये जायला हवे होते. वर्षभराच्या पायपिटीनंतर मिळालेला तुकडा मी वाया घालवला, असं सरांना सांगायला हवं होतं. मी दोन्ही हातांत दोन दगड घेऊन उभा राहिलो. वजन पाहिलं, रंग पाहिला, एकावर जरा राखाडी झाक वाटली. पाव तासानं मला खात्री वाटायला लागली. अर्ध्या तासानं पुरती खात्री झाली. दोन्हींवर पांढरा ठिपका दिला, फुंकर मारली, चार उघडा ठेवून एकावर ४४ लिहिलं, सातला शेंडी देऊन दुसऱ्यावर १७.

सर आले. चकती मायक्रोस्कोपखाली ठेवली. बराच वेळ पाहत राहिले. मग उठले, नळावर जाऊन हात धुतले, पुसले आणि पुन्हा बघितलं.

"अहो," ते म्हणाले, "या फळाला पाच कप्पे आहेत. आणि ते पिकलेलं आहे."

त्यांचे डोळे ओले होते. मला आनंद झाला. हेही खरं आहे.

त्या फळावर सरांनी दोन वर्षं काम केलं. छिंदवाड्याच्या फळांशी त्याचं साम्य आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांना त्याचंच अप्रूप होतं, की तेच रान तेव्हा इथपर्यंत पसरलं होतं. फरकही होते, ते त्यांनी एकेक करून मांडले. नव्या जातीला नाव द्यायचं तर एक नमुना 'हाच तो' म्हणून कायमचा नेमून द्यावा लागतो. नाव त्या एका दगडाला बांधलेलं असतं. दगड गेला तर नाव गेलं. सरांनी चव्वेचाळीस नेमला. नाव दिलं ओढ्याचं. लेख छापून आला त्या रविवारी ते हौसाबाईला सांगायला गेले.

"लई लांबडं नाव ठिवलंसा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आमच्या वढ्याचं नाव हाय म्हन्ता त्यात?"

"आहे. जगात कुठंही हे नाव घेतलं तर तुमचा ओढा आला."

"मंग ऱ्हाऊ द्या लांबडं."

सहा महिन्यांत पत्रं यायला लागली. सह्याद्रीच्या या भागात असा दगड कसा, अशी शंका. सरांनी उत्तर दिलं, या आणि पाहा. दोन तज्ज्ञ आले. दोन दिवस ओढ्यात उकरलं. पानं मिळाली, ती त्यांनी मान्य केली. पण तसा घट्ट दगड मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी ते विभागात आले. त्यातले थोरले, पांढऱ्या मिशांचे, चव्वेचाळीस हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे छिंदवाड्याचा काही संग्रह आहे?"

सरांनी स्वतः खण उघडून दिला.

त्या गृहस्थांनी सतरा नंबरचा उरलेला अर्धा उचलला, दुसऱ्या हातातला चव्वेचाळीस त्याच्याजवळ आणला, थोडा फिरवला, आणि दोन्ही एकमेकांत बसले. दाताला दात मिळावा तसे. मधे केसही जाणार नाही.

सर वाकून त्या सांध्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "जोडलेलं सापडलं."

मला त्याच क्षणी सगळं कळलं. भांडं, पापुद्रे, राखाडी झाक. खणातल्या अर्ध्याशी असं जुळवून पाहायचं त्या दिवशी मला सुचलंच नव्हतं. त्याच खणात, हातभर अंतरावर, सतरा आकडा लिहिलेला दुसरा दगड पडला होता. तो वेल्ह्याचा होता. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

तज्ज्ञ सभ्य होते. फसवणूक असा शब्द त्यांनी वापरला नाही. पण तो गावात पोचायला त्यांची गरज नव्हती. अध्यक्षांनी चौकशी बसवली. स्टाफरूममध्ये हेडक्लार्क म्हणाले, "स्थान अनिश्चित काय, आता निश्चितच झालं की." हसले सगळे. मी कपाट लावत होतो.

पुढचे आठ दिवस सर दगड शोधत होते. प्रत्येक खण, प्रत्येक पिशवी. "मला चिखलातून मिळाला तो कुठं गेला? काहीतरी मिळालं होतं ना? तुम्ही होता." मी म्हटलं, हो, मिळाला होता. त्यांनी 'स्थान अनिश्चित' दोनदा उपसलं. शिकवण्याचा संग्रह मात्र नीट पाहिला नाही, कारण त्यात आकडे बरोबर होते आणि आकड्यांवर त्यांचा विश्वास होता.

आठव्या दिवशी ते माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"मी रजेवर होतो तेव्हा चव्वेचाळीस तुम्ही कापलात. तेव्हा टेबलावर दुसरं काही होतं?"

"नाही, सर."

"ठिपका धुताना गेला होता का?"

"नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशय नव्हता. माझ्या दोन वाक्यांची ते नोंद करत होते, बस.

"म्हणजे माझ्याच हातून," ते म्हणाले. "ओढ्यावरून आल्यावर त्या रात्री पिशवी मी रिकामी केली होती. तेव्हा काहीतरी झालं असणार. अक्षर तर माझंच आहे."

मी तेव्हा कायम झालो नव्हतो. घरी लहान मुलगी होती, अध्यक्ष आधीच चिडलेले होते. हे सगळं खरं आहे आणि याचा काही उपयोग नाही.

नाव मागे घेण्याचं पत्र सरांनी स्वतः लिहिलं. चार ओळींचं. लेखकाच्या हातून नमुन्यांची अदलाबदल झाली आहे, सबब हे नाव ग्राह्य धरू नये. चौकशी पुरी व्हायच्या आत त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आक्कांकडे गावी गेले. जूनमध्ये मला विभागप्रमुख केलं. त्याच पत्रात मी कायम झाल्याचंही होतं. सरांच्या खुर्चीवर मी एकवीस वर्षं बसलो.

मधे एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेज रिकामं असताना मी तो सतरा आकड्याचा दगड काढला. कापला, घासला, मायक्रोस्कोपखाली ठेवला. लाकूड होतं. उभ्या नळ्या, आडवे किरण, सगळं जागच्या जागी. वेल्ह्याच्या डोंगरात लाव्हाच्या पोटात उभं असलेलं झाड. सरांचं म्हणणं पहिल्यापासून खरं होतं, आणि त्याचा पुरावा माझ्या बोटांत होता. पण ठिकाण पक्कं नसलेल्या दगडाला या शास्त्रात किंमत नाही. तो कुठला, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता. त्यानं दगड खणात ठेवला आणि खण बंद केला.

सरांची खबर आक्कांकडून कळायची. सुरुवातीला त्या तक्रारीच्या सुरात सांगायच्या. "कडी लावली का म्हनून मला तीनदा उठिवतो. म्या लावली म्हटलं तर म्हनतो, तू लावली असशील तर ठीक, मी लावली असंल तर बघून ये." नोंदवही त्यांनी बंद केली. दगड उचलणं बंद केलं. हौसाबाई एकदा टोपलीभर पानांचे दगड घेऊन त्यांच्या दारात आली, "मास्तर, पावसानं दरड पडलीया, लई पाला उघडा झालाय." सरांनी टोपलीत हात घातला नाही. म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, बाई. माझ्या हातात राहायचं नाही ते." ती म्हणाली, "दुसरं कोन हाय हितं?" टोपली तशीच ठेवून गेली. पुढं आक्कांनी ते दगड चुलीच्या ओट्याला लावले.

दर नोव्हेंबरला निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सर जिवंत आहेत अशी सरांनीच सही करायची. त्यांनी ती करायचं नाकारलं. बँकेतला माणूस घरी आला, तर त्याला म्हणाले, "मी जिवंत आहे हे माझ्या अक्षरावर मानू नका. शेजाऱ्यांना विचारा." तो हसला. आक्का हसल्या नाहीत. शेवटी त्यांनी अंगठा उठवला. वनस्पतींची लॅटिन नावं न अडखळता लिहिणारा माणूस अंगठा उठवतो, हे आक्का मला सांगत होत्या आणि मी फोन कानाला लावून नुसता हं हं करत होतो.

मी त्यांच्याकडे पाच वेळा गेलो. चार वेळा काही बोललो नाही, कारण पहिल्या वेळी आक्का समोर होत्या, दुसऱ्या वेळी पाहुणे, तिसऱ्या वेळी त्यांना ताप होता. चौथ्या वेळी काहीच कारण नव्हतं.

पाचव्यांदा गेलो ते गेल्या वर्षी, उन्हाळ्यात. नसरापूरला एसटीत बसलो तेव्हापासून वाक्य मनात घोळवत होतो. सर पडवीत खाटेवर बसले होते. फार वाळले होते. आक्कांनी चहा ठेवला आणि त्या आपणहून आत गेल्या, जणू मला मोकळीक द्यायला. मी कप खाली ठेवला.

"सर, मला तुमच्याशी एक बोलायचं आहे. त्या चव्वेचाळीसबद्दल."

त्यांनी हात वर केला. पूर्वी वर्गात करायचे तसा.

"आधी मला बोलू द्या. बरेच दिवस राहून गेलंय." त्यांना दम लागत होता, थांबून थांबून बोलत होते. "त्या लेखात शेवटी आभार होते. त्यात तुमचं नाव होतं. माझ्या चुकीमुळे तुमचं नाव एका खोट्या लेखाला चिकटलं. तुम्ही तरुण होता, कायम व्हायचा होता. मी ते तेव्हाच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही. मला माफ करा."

आणि त्यांनी हात जोडले. माझ्यासमोर.

त्या वेळी जे बोलायचं होतं ते जिभेवर होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "असू द्या, सर. होतं माणसाच्या हातून."

त्यांचा चेहरा सैल झाला. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, खाटेवर आडवे झाले, आणि म्हणाले, "तुम्ही काय सांगत होता?"

"काही नाही, सर. पुन्हा कधीतरी."

एसटीचा थांबा त्यांच्या घरापासून दीडशे पावलांवर आहे. गाडी तासभर उशिरा होती. तो तासभर मी दगडी कट्ट्यावर बसून होतो. तिथून पडवी दिसते. खाट दिसत होती, खाटेवरचे त्यांचे पाय दिसत होते. एकदा ते कुशीवर वळले. मी दोनदा उठलो. दुसऱ्या वेळी फाटकापर्यंत गेलो, आक्का अंगणात कुरडया वाळत घालत होत्या, त्यांनी विचारलं, "काय ऱ्हायलं का, भाऊ?" मी म्हटलं, "नाही, पाणी हवं होतं." त्यांनी तांब्या भरून दिला. मी पाणी प्यायलो आणि परत कट्ट्यावर येऊन बसलो.

श्रावणात ते गेले.

वाक्य मोठं नव्हतं. नसरापूरपासून तिथपर्यंत मी ते इतक्या वेळा म्हटलं होतं की आजही तसंच्या तसं आठवतं. सर, दोन्ही दगड मी एका भांड्यात टाकले होते, तो आकडा मी लिहिला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो; तुमचा हात कधीच चुकला नव्हता, मला माफ करा.